व्यायामशाळेतलं यंत्र

अण्णांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांच्या बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "रोज सपाट जागेवर हळूहळू चाला. रस्त्यावर नको, घरातच." म्हणून ट्रेडमिल घ्यायचं ठरलं.

व्यायामाच्या यंत्रांच्या दुकानात साडूही बरोबर आले. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मोठी व्यायामशाळा होती आणि येईल त्या पाहुण्याला ते ती आवर्जून दाखवत.

घरगुती यंत्रांच्या रांगेत एक बुटकं यंत्र होतं. पट्टा जमिनीपासून जेमतेम वर, दोन्ही बाजूंना लांब दांड्या. बायको त्यावर चढली, थोडं चालली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मोकळी हसली.

"अहो, हेच बरंय."

साडू म्हणाले, "हे खेळणं आहे. वर्षभरात कुरकुरायला लागेल."

अण्णांना ते लागलं. त्यांनी विक्रेत्या मुलीला व्यायामशाळांसाठीची यंत्रं दाखवायला सांगितलं.

"वापरणार कोण?" तिनं विचारलं. "एकट्या काकूच चालणार असतील तर घरगुती पुरे. ती मोठी यंत्रं दिवसभर माणसं पळवायला असतात."

"आम्हाला परवडतं," अण्णा म्हणाले. तिनं परवडण्याबद्दल विचारलंच नव्हतं.

बायकोनं मोठ्या यंत्राकडे पाहून हळूच म्हटलं, "चढायला उंच आहे हो."

"सवय होईल," असं म्हणून अण्णांनी साडूंकडे पाहिलं.

यंत्र घरी आलं, तेव्हा बायकोच्या शिवणाच्या खोलीचं दार चौकटीसकट काढावं लागलं. शिलाई मशीन बाल्कनीत गेलं. विजेची वेगळी लाइन ओढली. अण्णांनी पुढं स्टूल ठेवलं आणि हाताला धरून तिला वर चढवलं. बाजूच्या दांड्या पुढेच संपत होत्या. एवढ्या रुंद पट्ट्यावर ती मधोमध उभी, धरायला काही नाही. पट्टा सरकला तशी ती घाबरून मागे गेली आणि अण्णांच्या अंगावर कोसळली. दोघंही खाली बसली. लागलं काहीच नाही.

"उद्या जमेल," अण्णा म्हणाले.

पण ती पुन्हा चढली नाही. अण्णा दुकानात गेले की पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून चालायची. अण्णांना हे कळलं ते भिंतीवर उमटलेल्या मळकट पट्ट्यावरून. त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

महिन्याभरानं साडू आणि मेहुणी जेवायला आले.

"काय, कसं चाललंय यंत्र?" साडूंनी विचारलं.

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांच्याआधी बायकोच बोलली, "छान चाललंय भाऊजी. रोज सकाळी चालते मी. ह्यांनी विचार करूनच घेतलंय."

"मग दाखव की चालून," तिची बहीण म्हणाली.

"आत्ता जेवण झालंय गं, नंतर," म्हणत ती भांडी उचलू लागली. तिचे कान लाल झाले होते. आयुष्यात तिला धड खोटं बोलता आलं नव्हतं आणि आता ती अण्णांसाठी बोलत होती.

अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "ती चालत नाही त्याच्यावर. चढताच येत नाही तिला. दुकानातच म्हणाली होती, मी ऐकलं नाही."

साडू पाणी प्यायले. "मग तेव्हाच बोलायचं होतंत. मी आपलं सहज म्हटलं होतं."

"तुमचा दोष नाही. तुमच्यासमोर कमी दिसायचं नव्हतं मला."

 पाहुणे लवकर गेले.

अण्णा स्वयंपाकघरात गेले. त्यांना वाटलं होतं, खरं सांगून टाकल्यानं ती जरा निवळली असेल.

"मी झाकत होते ना?" ती म्हणाली. "ताईसमोर मला खोटं पाडलंत. यंत्र घेताना विचारलं नाहीत, आणि हे सांगतानाही नाही."



दुसऱ्या दिवशी अण्णा यंत्रांच्या दुकानात गेले. तीच मुलगी होती. यंत्र परत घ्यायला ती तयार झाली, बदल्यात बुटकं यंत्र पाठवते म्हणाली. एका शब्दानंही तिनं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं, असं अण्णांना वाटत राहिलं.

नवं यंत्र लागलं, खोलीला दार पुन्हा बसलं. बायको स्वतःच चढली, दोन्ही दांड्या धरल्या आणि चालू लागली. अण्णा उंबऱ्यात कौतुकानं उभे होते.

"दार लावून घ्या," ती म्हणाली. "बघत उभे राहू नका."

अण्णांनी दार ओढून घेतलं.