शनिवारचा डोंगर

विलायतेतल्या आमच्या हाउन्सलोच्या घरावरून विमानं इतकी खाली जातात की एकदा मी माडीच्या खिडकीतून हात काढून पायलटकडे चिमूटभर मीठ मागितलं. मीठ त्याच्याकडे नव्हतं, मिरपूड दिली. ही हकिगत मी वैजयंतीला सांगितली तेव्हा आमचं लग्न नवं होतं. पोळी लाटता लाटता ती थांबली, हनुवटी तळहातावर टेकवली आणि म्हणाली, "मग?"

त्या "मग?"वर माझा सगळा संसार उभा आहे. माझ्या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नाही, कधी नव्हताच. पण हनुवटीला पीठ लागलं तरी चालेल, "मग?" म्हटल्याशिवाय ती राहायची नाही. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय लागतं?

आणि या वसंतात ते "मग?" जोसेफ चेऊलकरला जायला लागलं.

जोसेफ शेजारच्या ईलिंगचा. विधुर, माझ्याच वयाचा. मूळचा भायखळ्याचा बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचा ज्यू, त्यामुळं मराठी माझ्याहून स्वच्छ. इथल्या मराठी मंडळाच्या चालण्याच्या ग्रुपमध्ये वैजयंतीची त्याची ओळख झाली. नवीन गुडघा बसवल्यापासून ती चालायला जाते. मी जात नाही, कारण मी गोष्टी बसून सांगतो. सत्तरीच्या माणसाचे गुडघे दुखावेत, हा साधा शिष्टाचार आहे. जोसेफ तो पाळत नाही. आमच्या जिन्यावरून तो असा उतरतो की खाली कोणी बक्षीस घेऊन उभं असावं.

वैजयंतीला स्कॉटलंड बघायचं होतं. आमची नात अन्वी मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरचं काम करते, गुरुवारी ते आमच्या घरून करते; ती गाडी चालवणार होती. आता स्कॉटलंड हा माझा प्रांत. फार वर्षांपूर्वी मी विमानतळाच्या कार्गोत कामाला होतो, तेव्हा तिथल्या मंडळींबरोबर कोचने, म्हणजे बसने, दोन दिवस जाऊन आलोय. दोन्ही दिवस दाट धुकं होतं, त्यामुळं जे जे दिसलं नाही ते सगळं माझ्या मालकीचं झालं. ग्लेन्कोच्या वाऱ्याने मला छत्रीसकट दरीच्या या अंगावरून त्या अंगाला नेऊन ठेवलं आणि तिकडच्या मेंढ्यांनी सरकून मला बसायला जागा दिली, ही गोष्ट वैजयंतीने किती वेळा ऐकली असेल! तेव्हा ट्रिप मीच आखणार, यात मला शंका नव्हती.

पण ती म्हणाली, "जोसेफला विचारू या. तो तिथं चालून आलाय."

इथं एक सांगितलं पाहिजे. पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला वैजयंती 'भाऊ' लावते. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या पोलिश माणसालासुद्धा तिने मारेकभाऊ केलं. पण जोसेफ हा नुसता जोसेफ.

तोही ट्रिपला येणार असं ठरलं आणि तो दर गुरुवारी घरी यायला लागला. डायनिंग टेबलावर गालिच्याएवढा नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर आमच्याच लोणच्याच्या बाटल्या ठेवायचा आणि पेन्सिलीने वाटा दाखवायचा. वैजयंती पोह्यांवर खोबरं जास्त घालायची. मला मधुमेह आहे म्हणून आमच्या घरात लाडू होत नाहीत, गुरुवारी होत.

"ही रेघारेघांची दाटी दिसते ना, वैजयंतीबाई, तिथं चढ उभा आहे," जोसेफ सांगायचा. "आणि ही बघा, दोन डोंगरांच्या मागं लपलेली दरी. खालून दिसतच नाही. जुन्या काळी तिथले लोक दुसऱ्यांची गुरं चोरून आणायचे आणि इथं दडवून ठेवायचे."

वैजयंतीने हनुवटी तळहातावर टेकवली. "मग?"

खरी गोष्ट सांगून "मग?" मिळवायचं! ही म्हणजे फुकटची कमाई. मी सारी हयात एकेक गोष्ट स्वतःच्या पदरचं घालून घडवली, आणि हा गृहस्थ आयती उचलून आणतो.

मी म्हटलं, "याच दरीवरून मी छत्रीने गेलो होतो."

जोसेफने नकाशावर पट्टी ठेवली. "इथून इथपर्यंत? अजयराव, छत्री चांगली टिकली म्हणायची."

वैजयंती हसली. माझ्या गोष्टीला नाही, त्याच्या पट्टीला.

अन्वी लॅपटॉपमधून डोकं वर काढून म्हणाली, "आजोबा, तू जेलस आहे का?"

"मला अॅसिडिटी झाली आहे," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी संधी शोधत होतो, आणि ती जोसेफच्या धर्मानेच दिली. शुक्रवारी सूर्य मावळला की जोसेफचा शब्बाथ लागतो. शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत तो गाडीत बसत नाही, गॅस पेटवत नाही, फोन उचलत नाही. आम्ही उतरणार फोर्ट विल्यमला. ग्लेन्कोची ती दरी तिथून गाडीनेच गाठायची. पुढच्या गुरुवारी मी अगदी सहज, लोणच्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत म्हटलं, "डोंगराचा दिवस शनिवार ठेवू या. शुक्रवारी वाफेची आगगाडी, रविवारी तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर. काय जोसेफ, बरं आहे ना?"

जोसेफला कळलं. मला वाटलं, चेहरा पडेल. पण तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही खुशाल जा. मी गेस्टहाउसच्या बागेत बसेन. समोरच लॉखचं पाणी आहे."

"बिचारा," मी म्हटलं. "अन्वी, करून टाक बुकिंग."

अन्वीने तिथल्या तिथं केलं. मनातल्या मनात मी डोंगर चढायलाही लागलो. जोसेफ बागेत, नकाशा त्याच्या बॅगेत, आणि दरीच्या तोंडाशी वैजयंती आणि मी. वाट मी दाखवणार. चुकली तर आणखी चांगलं. चुकलेल्या वाटेवरच गोष्टी असतात.

वैजयंती मात्र उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं दाराआड पुण्याहून आलेलं कॅलेंडर असतं. मी आयुष्यभर फ्रीजवरचं इंग्रजी कॅलेंडर बघत आलो. दाराआडचं तिचं खातं.

"अहो," ती तिथूनच म्हणाली, "त्या शनिवारी संकष्टी आहे."

"असू दे की."

"असू दे काय? उपाशीपोटी, नवीन गुडघा घेऊन डोंगर चढू? तुम्ही आणि अन्वी जा. मी थांबते जोसेफबरोबर."

झाकण माझ्या हातातून सुटलं ते टेबलाखाली गेलं. मी ते शोधत बराच वेळ खालीच राहिलो. वर दोघांचं चाललं होतं.

"खिचडी मी शुक्रवारीच करून ठेवीन, म्हणजे तुम्हाला गॅसचा प्रश्न नाही."

"तुमची साबुदाण्याची खिचडी गार झाली तरी मोकळी राहते."

"तुम्ही ताऱ्यांची वाट बघा, मी चंद्राची. आधी कोण येतंय बघू!"

"दोघांनाही घाई नसते हं तिकडे. जूनमध्ये अकरा वाजून गेले तरी आकाश उजळ असतं. आणि तुमच्या चंद्राला तर डोंगरावरून वर यायचंय."

"मग?" वैजयंती म्हणाली.

टेबलाला डोकं आपटून मी बाहेर आलो.

"दिवस बदलू या."

"आजोबा, तूच म्हणाला शनिवार," अन्वी म्हणाली. "ट्रेन बुक झाला, पाळणा पण बुक झाला."

"मग मीही संकष्टी धरतो."

"तुम्ही?" वैजयंती म्हणाली. "गेल्या संकष्टीला माझा चंद्र उगवायच्या आत गाडीत बसून दोन सॉसेज रोल कोणी खाल्ले?"

जोसेफ सभ्य माणूस. त्याने नकाशात तोंड घातलं. पण खांदे हलत होते.

आता माझ्यापाशी एकच हत्यार उरलं होतं. मी खुर्ची ओढली, बसलो आणि आवाज खाली आणला.

"खरं म्हणजे त्या दरीत मला जाता येणार नाही. तिथं माझं येणं बंद आहे."

"कोणी केलं बंद?" अन्वीने विचारलं.

"गायीने."

जोसेफची पेन्सिल थांबली.

"तुम्ही म्हणालात ना, चोरलेली गुरं दडवायचे. सगळी परत गेली असं तुमचा इतिहास सांगत असेल. एक राहिली. तिची खापरपणती मला धुक्यात भेटली. केस असे डोळ्यांवर आलेले. मी विचारलं, बाई, कोचकडे जायची वाट कुठली? ती म्हणाली, आधी सांग, तू कोणाकडचा? चोरांकडचा की ज्यांची चोरली त्यांच्याकडचा?"

"गाय बोलली?" अन्वी म्हणाली.

"गेलिकमध्ये, तिकडच्या जुन्या भाषेत. मला तोवर इंग्रजीही धड येत नव्हतं, पण गायीशी अडचण पडली नाही."

"मग?" जोसेफ म्हणाला.

त्याचं "मग?" मी ऐकलंच नाही असं केलं. चहाचा घोट घेतला. गार झाला होता, तरी घेतला. छतावरून विमान गेलं, टेबलावरच्या बाटल्या थरथरल्या. मी छताकडे बघत राहिलो, कारण स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं धैर्य नव्हतं.

पावलं ऐकू आली. नवीन गुडघा जरा हलका पडतो, जुना जड. खुर्ची सरकली. तिचं कोपर नकाशावर, नेमकं त्या दरीवरच टेकलं.

"मग?" वैजयंती म्हणाली.

"मग मी तिला म्हटलं..." आणि मी थांबलो. "छे, मोठी गोष्ट आहे. आज पुरी व्हायची नाही."

वैजयंती माझ्याकडे बघत राहिली. हसू ओठांत दाबलेलं, ते मला चांगलं ओळखू येतं.

"अन्वी," ती म्हणाली, "डोंगर तुझा तू चढून ये. आजोबा बागेत बसतील आमच्याबरोबर. जोसेफभाऊंचे तारे, माझा चंद्र, सगळं उगवायला उशीर आहे. तोवर यांची गाय पुरेल का, विचार."

"पुरेल," मी म्हटलं. "गाय लठ्ठ आहे."

आणि बशीतला जोसेफभाऊंचा लाडू उचलून मी तोंडात टाकला.