पाणथळीच्या वाटेवरची पाटी

बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्यांच्या वनखात्यातला अधिकारी घरी आला. त्याला पक्षी ओळखायला बाबांनीच शिकवलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसून तो आईला म्हणाला, "काकू, पाणथळीपर्यंत पायवाट करायचं ठरतंय. साहेबांचं नाव देणार. तोंडाशी मोठी पाटी, फोटोसकट."

आईने डोळे पुसले. "चला, कोणाला तरी आठवण झाली."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बशीकडे.

पाणथळीतले पक्षी गवतात, जमिनीवरच अंडी घालतात. माणूस जवळ आला की उडतात आणि उघडी पडलेली अंडी उन्हाने वाया जातात. बाबांनी नोकरीभर ती जागा राखली, ती एकही पाटी न लावता. 'प्रवेश बंद'सुद्धा लिहू दिलं नाही. मनाई वाचली की आत काहीतरी आहे हे कळतं, म्हणायचे. विणीच्या आधी वाटेवर काटेरी फांद्या ओढून टाकायचे, गवत माजू द्यायचे. लोक वाट विसरायचे.

"घरातून नकार आला तर?" मी विचारलं.

"तर विषय संपेल, ताई. सगळं त्यांच्या नावावर उभं आहे. मी नको म्हटलं तर फक्त माझी बदली होईल."

"म्हणजे आमच्या हातून साप मारायचा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू जन्मलीस तेव्हा हे गवतात पालथे पडून घरटी बघत होते. आता चार माणसं थांबून नाव वाचतील, तर तेही नको?"

"आई, ऑफिसच्या दाराशी लावू दे."

"तिथे कोण वाचणार? शिपाई?"

बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी बाबा तिला पहिल्यांदाच सापडणार होते. तरी मी अधिकाऱ्याला म्हणाले, "घरच्यांचा नकार कळवा."

तो आईकडे बघत राहिला. 'माझी हरकत नाही' एवढं ती म्हणाली असती, तरी पाटी लागली असती. ती उठली आणि कप गोळा करायला लागली. तो निघाला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही.

"जेवून जाशील," ती आतून म्हणाली, "की तुलाही कुठे अंडी राखायचीत?"

मी थांबले. तिने ताट वाढून माझ्यासमोर सरकवलं.