उसना समुद्र

"ओढू नका बाबा, नाही निघणार आता," जावई म्हणाले. मुलगी वर्गात पहिली आल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

कवळीवाल्यांनी ठोकळ्यांच्या जकातघराचं छप्पर सोडलं. अंगठ्याच्या नखाखाली लाल झालं होतं. मग त्यांनी धक्क्यावरचा दिवा धरून पाहिला. दिवा हलला नाही. बोटीचा भोंगा हलला नाही. शेवटी त्यांनी हमालाच्या डोक्यावरची टोपी चिमटीत धरली. ही टोपी एरवी कुणी जवळून शिंकलं तरी पडायची. आज टोपीबरोबर हमाल, हमालाबरोबर धक्का आणि धक्क्याबरोबर सगळं बंदर टेबलावरून कणभर वर आलं आणि परत बसलं.

मागे बायको, मुलगी आणि जावई ओळीनं उभे होते. तिघांचेही चेहरे टाळी वाजण्याआधी असतात तसे होते.

"कसं वाटलं?" बायकोनं विचारलं.

"काय केलंय हे?"

"चिकटवलंय!" मुलगी म्हणाली. "ह्यांनी. अख्खं. तुम्ही काकांकडे होतात ना, तेवढ्यात. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मान वर केली नाही बाबा ह्यांनी."

कवळीवाले थोरल्या भावाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते आणि त्याच दिवशी सकाळी परतले होते. पिशवी अजून दारातच होती.

जावई चिकटद्रव्यांच्या कंपनीत विभागीय व्यवस्थापक होते. माणूस निर्व्यसनी, हसतमुख आणि मदतीला तत्पर. दोष एवढाच की जगातली कुठलीही सुटी वस्तू त्यांना कुणाचं तरी राहून गेलेलं काम वाटायची.

"नवा माल आहे, बाबा. पाण्यासारखा पातळ. नुसता फटीला लावायचा, मग तोच शोधत शोधत आत जातो. अजून बाजारात आलेला नाही. म्हटलं, पहिला मान तुमचा."

"आणि सोडवायचा कसा?"

जावई हसले. "तेच तर, बाबा! तसा उपायच नाही. कंपनीकडेही नाही."

कवळीवाले खुर्चीवर बसले.

मुलाला दोन ठेवून देता येतात. भावाशी अबोला धरता येतो. बायकोवर डाफरता येतं आणि मग तिचं दुप्पट ऐकून घेता येतं. जावयाचं काय करायचं, याची सोय अजून कुणी केलेली नाही. तो घरात येतो तोच मुळी बरोबर असतो.

"खूप कष्ट घेतलेत आपण," कवळीवाले म्हणाले.

बायकोनं चमकून पाहिलं. ते रागावले की त्यांची भाषा सुधारते, हे तिला लग्नापासून माहीत होतं. साधा राग असला तर नुसतं सभ्य बोलणं. राग मस्तकात गेला की 'आपण'. नोकरीच्या सबंध काळात आपल्या मालकाला, दंतवैद्याला, त्यांनी एकदाच 'आपण' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या खोलीत नवा पंखा आला.

त्या मागच्या खोलीत ते आयुष्यभर कवळ्या करत होते. घट्ट बसणारी आणि हवी तेव्हा निघणारी ती कवळी. या दोहोंपैकी एकच जमणाऱ्यानं दुसरा धंदा बघावा, असं त्यांचं मत. पुढे दवाखान्यात रडणाऱ्या पोरांसाठी दंतवैद्यानं प्लास्टिकच्या ठोकळ्यांची बादली ठेवली. पोरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती रडायला आलेली होती, रडून गेली. पण जेवणाच्या सुट्टीत कवळीवाल्यांनी एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला. टक्. घट्ट बसला. ओढला. निघाला. कुठे काही तासावं लागलं नाही, कुणी 'हिरडीला टोचतंय' म्हणून परत आलं नाही. माणूस त्या दिवशी कामातून गेला.

तेव्हापासून घरात खोके येत राहिले. अग्निशमन गाडी, किल्ला, चंद्रावरचं यान. पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे ते प्रत्येक संच एकदा बांधत, नव्या पाहुण्याशी चार शब्द बोलावेत तसं. मग मोडत. मोडलेले ठोकळे आकाराप्रमाणे खणांत जात, आणि खणांतून स्वतःचं काहीतरी उभं राही. आधी स्टेशन झालं. स्टेशन मोडून धरण. धरण मोडून तुरुंग. त्याच्या भिंतीला इतकी दारं ठेवली होती की कैदी केवळ सौजन्यापोटी आत राहत असावेत. दुकानदार दर वेळी विचारायचा, "नातवासाठी का?" ते म्हणायचे, "नाही, मला." मग दुकानदार हसायचा. हा विनोद दोघांपैकी कुणाचा, हे कवळीवाल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि आता बंदर. घरातला जवळजवळ प्रत्येक ठोकळा त्यात होता. खण रिकामे होते. आज दुपारी बंदर मोडायचं होतं, कारण चार वाजता सिस्टर यायच्या होत्या, आणि बंदरातला समुद्र त्यांचा होता.

"सिस्टरना काय सांगू?" कवळीवाले म्हणाले.

"त्यांना आवडेल की!" बायको म्हणाली. "अहो, किती वेळा म्हणाला असाल, बंदर पूर्ण झालं म्हणून. मीच म्हटलं जावईबापूंना, पूर्ण झालंय तर एकदाचं पक्कं करून टाका. धूळ पुसताना एक बोट आडवी झाली तरी तुम्ही घर डोक्यावर घेता."

"पूर्ण झालं म्हणजे आता मोडायचं, असं म्हणालो होतो."

"ते मी ऐकलं नाही."

"अर्धं वाक्य ऐकून काम सुरू केलंत."

"तुमची वाक्यं पूर्ण ऐकायची तर संसार कधी करायचा?"

मुलगी मध्ये पडली. ती जवळ येऊन खुर्चीच्या हातावर बसली आणि तिनं वडलांचा हात हातात घेतला. पुढचं वाक्य ती फार प्रेमानं बोलली, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

"बाबा, आता या वयात किती मोडाल नि किती जोडाल? हे कसं, कायमचं राहील. तुमची आठवण म्हणून."

कवळीवाल्यांनी हात सोडवून घेतला.

"आठवण?" ते म्हणाले. "मी इथं बसलोय. सकाळीच आलोय. पिशवी दारात आहे. बूट सोडायचेत अजून. आणि माझी आठवण टेबलावर?"

जावयांनी आपल्या परीनं विषय बदलला. "काचेचं कपाट पण सांगितलंय, बाबा. आतून दिवा."

"दिवा उशाशी लावतात," कवळीवाले म्हणाले. "आपण तेवढी वाट बघायला हवी होती."

चार वाजता घंटा वाजली. जिन्यात बोलणं आधी ऐकू आलं, सिस्टर नंतर दिसल्या. निवृत्त होईपर्यंत त्या सूतिकागृहात होत्या. तिथं कळा देणाऱ्या बायकांच्या वर आवाज चढवायची सवय लागलेली, ती निवृत्त झाली नव्हती. कवळीवाल्यांची आणि त्यांची ओळख खेळण्यांच्या दुकानात झाली होती. शेवटचा एक खोका, आणि त्यावर दोघांचा हात. "भाच्यासाठी घेतेय," सिस्टर म्हणाल्या होत्या. "मीही भाच्यासाठीच," कवळीवाले म्हणाले होते. दोघांनाही भाचा नव्हता. असा पाया असलेली मैत्री मोडत नाही.

सिस्टर निळा जमवत. एका जुन्या निळ्याचे ठोकळे त्यांनी कुठून कुठून गोळा केले होते. तो रंग कारखान्यानं कधीच बंद केला होता. आताचा निळा त्यांच्या मते साबणाच्या वडीचा होता. कवळीवाल्यांकडे पांढरा भरपूर. तेव्हा ठरलं होतं ते असं: यांना पाणी लागलं की त्यांचा निळा यायचा, त्यांना ढग लागले की यांचा पांढरा जायचा. यंदाची पाळी सिस्टरची होती. त्यांच्या पलंगासमोरच्या खिडकीला लागून नवी इमारत उभी राहिली होती आणि खिडकीत आता फक्त सिमेंट दिसत होतं. म्हणून त्या भिंतभर आकाश करणार होत्या.

"कवळी, आलास का रे?" दोन रिकाम्या पिशव्या फडकावत त्या आत आल्या. "समुद्र उपसून ठेवलायस, की मलाच बसवतोस उपसायला? आणि पांढरे दे. पाण्याचे ढग करणारेय यंदा, बिनकामाचे नाही."

"सिस्टर, बसा."

"मला बसा म्हणतोस? कोण गेलं?"

कवळीवाल्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण जावई पुढे झाले. समोर नवा माणूस दिसला की त्यांच्यातला विभागीय व्यवस्थापक जागा व्हायचा. "नुसतं सांगून नाही कळणार, मावशी. दाखवतोच. ए, त्या बाजूनं धर गं."

आणि मुलगी-जावयांनी बंदर दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि उलटं केलं.

समुद्र वर गेला. बोटी खाली लोंबल्या. क्रेन, जकातघर, हमाल, पोती वाहणारी गाडी, सगळी टेबलाकडे डोकी करून स्तब्ध राहिली. एक ठोकळाही पडला नाही.

"बघा!" जावई म्हणाले.

सिस्टर बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि समुद्राच्या तळाशी बोट फिरवलं. एका ठोकळ्याच्या कडेला नख घातलं. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. हातातल्या पिशव्या खाली पडल्या.

"माझ्या हातावर किती पोरं जन्माला आली, मोजदाद नाही," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. त्यामुळे जास्त लागला. "उलटं धरायचं, पाठीत दोन थापट्या मारायच्या. रडलं की म्हणायचं, जिवंत आहे. हे उलटं धरलंस आणि काही म्हणजे काही झालं नाही. तुला समजतंय का, काय धरलंयस हातात?"

जावयांनी बंदर हळूच टेबलावर ठेवलं.

"मावशी, सॉरी. निळे तेवढे मी नवीन आणून देतो. पाहिजे तर दुप्पट."

"कुठून आणतोस? कारखान्याला सांगतोस, परत तो रंग काढा म्हणून? मला मावशी म्हणू नकोस. विचारलंस का कुणाला? ह्याला फोन नाही? तोंडात कवळी बसवलीय ह्याच्या, की बोलता येत नाही ह्याला?"

"सरप्राइज होतं," जावई म्हणाले. त्यांचं हसू आता कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

"सिस्टर, लहान आहेत ते," बायको मध्ये बोलली. "चांगल्या मनानं केलंय."

"चांगल्या मनानं केलंय म्हणून तर बोंब आहे! वाईट मनानं केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. आता शिव्या कुणाला घालू? आणि तू रे कवळी? तू गप्प का?"

सगळे कवळीवाल्यांकडे बघू लागले. ते उठले. पायांत अजून बूट होते. त्यांनी सिस्टरच्या पडलेल्या पिशव्या उचलल्या, झटकल्या, घडी घालून त्यांच्या हातात दिल्या.

"समुद्र तुमचा आहे," ते म्हणाले. "आज परत करायचा होता. न्या."

"कसा नेऊ? खरवडून?"

"आहे तसा. बंदरासकट."

"वेडा आहेस? तुझा एक ठोकळा उरत नाही घरात."

"उसनी वस्तू ठेवून घ्यायची आपल्यात पद्धत नाही."

"मला नको तुझं बंदर! मला आकाश पाहिजे होतं!" सिस्टरचा आवाज पुन्हा चढला आणि मध्येच फुटला. त्यांनी तोंड फिरवलं. सूतिकागृहात असतानाही त्या रडायच्या झाल्या की कपाटाकडे तोंड करायच्या. इथं कपाट अजून यायचं होतं, म्हणून भिंतीकडे केलं.

"अहो, असं काय करताय?" बायको हळूच म्हणाली. तिला आता कुठे भीती वाटायला लागली होती. "तुम्ही मग दिवसभर काय करणार?"

"हा प्रश्न विचारात घ्यायचा होता," कवळीवाले म्हणाले, "चिकटवण्याआधी." मग ते जावयांकडे वळले आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "आपण त्या बाजूनं धरावं. मी या बाजूनं धरतो."

जिना अरुंद होता. कवळीवाले पुढे, पाठमोरे, जावई वर. "पायरी आहे." "हो बाबा." "डावीकडे घ्यावं आपण." "हो बाबा." मधल्या वळणावर शेजारीण दार उघडून उभी राहिली. "अय्या, किती छान! बक्षीस मिळालं का?" मागून सिस्टर येत होत्या. शेजारणीनं त्यांचा चेहरा पाहिला आणि दार लावून घेतलं.

खाली टॅक्सी उभी केली. बंदर मागच्या बाकावर आडवं बसलं, पण क्रेनचा हात खिडकीबाहेर राहिला. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

"काका, तेवढं वरचं काढून घ्या ना. कुणाला तरी लागेल. खेळण्यातलंच आहे, सुटत असेल."

कवळीवाल्यांनी जावयांकडे पाहिलं. सिस्टरनं पाहिलं. ड्रायव्हरही मग त्यांच्याकडेच बघू लागला.

"नाही," जावई रस्त्याकडे बघत म्हणाले. "नाही सुटत."

"मग काहीतरी बांधा त्याला. दिसलं पाहिजे मागच्याला."

कवळीवाल्यांनी खिशातून रुमाल काढला. चौघडी उलगडून त्यांनी तो क्रेनच्या टोकाला बांधला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा सैल करून नीट बांधली. सुटताना त्रास होऊ नये अशी. सिस्टर पुढच्या बाकावर बसल्या. काच खाली करून त्यांनी कवळीवाल्यांच्या मनगटावर क्षणभर हात ठेवला, नाडी बघतात तसा.

टॅक्सी निघाली. गर्दीत शिरली, तेव्हा तिच्या कुशीतून बाहेर आलेला तो पांढरा रुमाल बराच वेळ दिसत राहिला. मग दुसऱ्या गाड्यांच्या मागे गेला.

कवळीवाल्यांना कपाळावर घाम आला होता. त्यांचा हात खिशात गेला आणि तसाच बाहेर आला. शेजारून जावयांनी आपला रुमाल पुढे केला. इस्त्रीचा होता, कोपऱ्याला नक्षी.

"राहू द्या आपण," कवळीवाले म्हणाले, आणि त्यांनी कपाळ बाहीला पुसलं.