मोज्यांची गाडी

मित्रांनो, मी आकाशी रंगाची एक जुनी मोटार आहे, आणि आजवर माझ्यात कुणीही बूट घालून बसलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा जीव वाचला तो त्यामुळेच.

कारखान्यातून मी थेट जपानमधल्या नागाओका शहरात आले, शिबातासरांच्या घरी. सर शाळेत भूगोल शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं दार उघडलं, घराच्या उंबऱ्याशी काढतात तसे बूट काढले आणि मोज्यांनिशी आत बसले. माझा लोकरीचा करडा गालिचा नवा कोरा होता.

एकदा शाळेच्या फाटकाशी त्यांनी बूट काढले, मला सुरू केलं आणि बूट तिथेच ठेवून घरी आले. तेव्हापासून गल्लीत माझं नाव पडलं 'मोज्यांची गाडी'. सरांनी मग आपल्या खुर्चीमागे एक पत्र्याचा ट्रे ठेवला. बूट त्यात ठेवायचे, पाणीही त्यातच निथळायचं.

पाणी पुष्कळ असे. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यातल्या बारीक नळांतून जमिनीखालचं पाणी उडतं आणि बर्फ विरघळतं. त्या पाण्यात लोह असतं, म्हणून रस्ते तांबूस दिसतात. शेजारच्या गाड्यांचे गालिचे थंडीभर ओले राहत. माझा कोरडा असे.

सरांची मुलगी हिसाए मात्र वैतागायची. "बाबा, माझ्या मैत्रिणी हसतात."

"हसू देत. तुझ्या मोज्याला भोक नाही ना? मग झालं."

सर गेले आणि मी शेडमध्ये बंद झाले. गालिच्याला कसर लागली, उंदरांनी कोपरे कुरतडले. कुणी दार उघडलं नाही की काच पुसली नाही. वाईट वाटायचं, पण तक्रार कुणाकडे करणार?

या वसंतात हिसाए आली. आता तिचेही केस पिकलेत. तिला मला पुन्हा रस्त्यावर आणायचं होतं. तिच्या नवऱ्याने, मोरिओने, बाहेरूनच डोकावून पाहिलं. सरांच्या खुर्चीमागे गालिच्यावर मोठा काळा डाग होता.

"ही ओल आहे. खालचा पत्रा कुजला असणार," तो म्हणाला.

"तुम्ही पत्रा पाहिलात का?"

"पाहायला कशाला हवा? एक दिवस खुर्चीसकट रस्त्यावर बसशील."

खुर्च्यांचे बोल्ट तळाच्या पत्र्यालाच आवळलेले असतात. तळच कुजला तर सरकारी तपासणीत मी पास होणार नव्हते. हिसाएने ठरवलं, इगाराशीकाकांकडे गालिचा काढून बघायचा. पत्रा गेला असेल तर मला भंगारात द्यायचं. त्या आठवड्यात मी फार घाबरलेली होते.

इगाराशीकाका सरांचे जुने विद्यार्थी, गाड्यांच्या आतलं शिवणकाम करणारे. त्यांनी बोल्ट सोडवले, खुर्च्या बाहेर काढल्या आणि गालिचा हळूहळू उचलला. हिसाएने डोळे मिटून घेतले.

"पोरी, डोळे उघड," काका म्हणाले.

खाली पत्रा होता. आकाशी. कारखान्यात रंगवला तसाच. काकांनी त्यावर हातोडीने हलकेच टकटक केलं. आवाज खणखणीत आला. मग डाग नाकाशी नेला आणि हसले.

"बुटाचं पॉलिश. सरांच्या ट्रेमधली डबी खाली पडून उन्हात पॉलिश वितळलं असेल."

"म्हणजे भंगार नाही ना?" हिसाएने विचारलं.

"कसलं भंगार? ओले बूट गालिच्याला लागलेच नाहीत, तर गंजणार काय?"

मोरिओ मान खाजवत म्हणाला, "सासरेबुवांच्या मोज्यांना मी उगाच हसायचो."

"आता जावईबापूंनीही बूट काढायचे," काका म्हणाले.

जुना गालिचा पसरून त्याच्या मापाने काकांनी नवा कापला. तो उन्हात मऊ केला, मग खुर्च्यांच्या रुळांभोवती दाबत बसवला. छेद आधी लहान घेतले, लागेल तेवढेच वाढवले, म्हणजे खुर्चीच्या पायाशी फट दिसत नाही. बोल्टची भोकं मात्र तापलेल्या सळईने पाडली. ड्रिल लावलं असतं तर लोकरीचा धागा त्याला गुंडाळत गेला असता आणि सगळी वीण उसवली असती. शेवटी बोल्ट आवळले, तेव्हा मला पुन्हा पाय जमिनीला लागल्यासारखं वाटलं.

तपासणीत मी पास झाले. काकांचा निरोप घेऊन हिसाए मला घरी घेऊन निघाली. तिने नव्या गालिच्यावर दोन्ही पाय सपाट टेकवले आणि मोठा सुस्कारा सोडला. वाटेत ती गुणगुणत होती.

घराच्या अंगणात तिने दार उघडलं, पाय बाहेर काढला आणि तशीच थांबली. मागे वळून पाहिलं. ट्रे रिकामा होता.

"काय झालं?" मोरिओने दारातून विचारलं.

"बूट काकांच्या दाराशी राहिले," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांसारखेच."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू अंधारात पडली असेल. वरचा डाग पाहून तिला टाकून देऊ नका. गालिचा उचलून बघा. कुणीतरी तिला फार जपलेलं असतं.