गाएतांचा झाडू

गाएतां बोशाते एकोणीस वर्षं फ्रान्सकडून कर्लिंग खेळत होता. त्याचं काम झाडण्याचं. साथीदाराने जड दगड घसरवला, की त्याच्यापुढचा बर्फ झाडूने घासत धावायचं, म्हणजे दगड लांब जातो. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर होती. डॉक्टर म्हणाले, मानेची नस. बायको म्हणाली, "आता पुरे." दोघांपुढे त्याने नुसती मान डोलावली होती.

सामना शामोनीत, घरच्याच बर्फावर, नॉर्वेशी. हरले तर फ्रान्स खालच्या गटात जाणार, आणि पुन्हा वर चढेपर्यंत थांबायचं गाएतांचं वय उरलं नव्हतं.

गुण बरोबरीत होते. पलीकडच्या टोकाला बर्फावर आखलेल्या वर्तुळात नॉर्वेचा एक दगड बसलेला. त्याच्यापेक्षा मध्याच्या जवळ शेवटचा दगड पोचवला की सामना आपला.

"गाएतां, झोपलास का रे?" कप्तान रेमी पलीकडून ओरडला. "घास! घास लेका!"

गाएतां आणि दुसरा झाडणारा लोइक सुटलेल्या दगडापुढे वाकून घासत धावले. अर्ध्या वाटेवर दगडावरची धरायची मूठ किंचित थरथरली. हाताला काहीच जाणवलं नाही. फक्त डोळ्यांना दिसलं.

या खेळात झाडू दगडाला लागला की तो दगड बाद, पण त्याला पंचाची शिट्टी नसते. ज्याचा झाडू दगडाला लागला, त्यानेच सांगायचं. पोरं हे पहिल्या दिवशी शिकतात.

गाएतांने पायाने दगड थांबवला. "लागला."

रेमी धावत आला. "काय लागला? लोइक, तुला दिसलं?"

"मी माझ्या बाजूला बघत होतो."

"आणि तुझ्या हाताला कळलं?" रेमीने गाएतांला विचारलं.

"हाताला नाही. मूठ हलली."

"मूठ हलली म्हणे! अरे, बर्फावर पडलेल्या केसानेसुद्धा हलते ती!"

"हलत असेल. पण माझा झाडू तिथेच होता."

रेमीने हातमोजा काढला आणि नॉर्वेच्या कप्तानाशी हात मिळवला.

रीतीप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना बिअर पाजली. नॉर्वेवाले हळू आवाजात बोलत होते, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसे. रेमी बराच वेळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिला. मग उठला आणि पाव-चीजची थाळी गाएतांपुढे सरकवली.

"खा. सकाळपासून उपाशी आहेस, गाढवा." शेजारी बसत त्याने विचारलं, "वाईट वाटतंय का रे?"

दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावं, तसं गाएतांने आत चाचपून पाहिलं.

"अजून नाही," तो म्हणाला, आणि पाव मोडू लागला.