हलका दगड

तंबू सहा पिशव्यांच्या भरवशावर उभा राहिला होता. सातवी अजून निम्मी रिकामी होती.

वाळूत खुंटी टिकत नाही, हे शिवणवालीला पक्कं ठाऊक होतं. कितीही खोल ठोका, वारा आला की हलणारा दात पडावा तशी अलगद निघून येते. म्हणून तिने खुंट्यांच्या वाटेला न जाता जाड ताडपत्रीच्या सात पिशव्या शिवल्या होत्या, दुहेरी शिवणीच्या, तोंडाशी नाडी असलेल्या. पिशवीत गोटे भरायचे, पिशवी वाळूत पुरायची आणि तंबूची दोरी तिच्या गळ्यात बांधायची. मग वाऱ्याने खुशाल डोकं आपटून घ्यावं. तंबूही तिच्याच हातचा. गाड्यांची आवरणं शिवताना उरलेले तुकडे तिने आठ महिने साठवले आणि दुकान बंद केल्यावर रोज अर्धा तास मशीनवर बसून राखाडी, निळा, हिरवा असा सगळा पसारा एकजीव केला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एकदा दोघांनी समुद्रावर मुक्काम करायचा, ही गोष्टही तितकीच जुनी.

दोघांनी म्हणायचं, पण आले होते तिघं. नवऱ्याची थोरली बहीण शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत धूत निवृत्त झालेली. "मी काही तुमच्या मध्ये येत नाही, कडेला पडून राहीन," असं म्हणत तीच सगळ्यांच्या आधी पिशवी भरून दारात उभी राहिली होती. आता ती घडीच्या खुर्चीवर बसून, पाय लांब करून, भावजयीवर ओव्या रचत होती.

"भावजय माझी गं, सुईची ती धार,
भावाच्या खिशाला, टाके घाली चार."

"ताई, टाके घातले म्हणून तो खिसा बावीस वर्षं टिकला," शिवणवाली म्हणाली. "नाहीतर तुमच्या भावाने किल्ल्या सांडत अख्खं गाव पालथं घातलं असतं."

भाऊ बसचा ड्रायव्हर. तंबू उभारायला लागलेल्या दीड तासातला तासभर त्याचा वाऱ्याशी भांडण्यातच गेला होता. सहा पिशव्या त्याने पाण्याजवळचे गोटे फावड्याने ओढून भरल्या. सातवी बायकोने हातातून काढून घेतली.

"फावड्याने भरलं की आत पोकळ्या राहतात. एका मापाचे दगड लागतात."

"दगडाला कसलं माप? बटणं आहेत का ती?"

"बटणंच समजा."

ती वरच्या कोरड्या पट्ट्यात गेली. मोठ्या भरतीने कधीतरी आणून टाकलेले शिंपले, काटक्या आणि गुळगुळीत गोटे तिथे पसरले होते. ती उकिडवी बसली आणि दुकानात डब्यातली बटणं निवडते तशी निवडू लागली. एकसारखा दिसला की उचल, बोटांत फिरव, पिशवीत ठेव.

तेवढ्यात नवऱ्याची हाक आली. "अगं, हे पाखरू बघ. पंख मोडलाय बिचाऱ्याचा."

मुठीत मावेल एवढं पाखरू. वाळूच्या रंगाची पाठ, दुधासारखं पोट, काडीसारखे पाय. एक पंख वाळूवर फरफटत, तोंडावर पडत, पुन्हा उठत ते ड्रायव्हरच्या पुढ्यातून निघालं होतं. हा माणूस अख्खी बस थांबवून कुत्र्याला रस्ता ओलांडू देणारा. गळ्यातला टॉवेल काढून, तो पसरून, कंबरेत वाकून तो त्याच्या मागे निघाला. पाखरू चार पावलं पुढे, हा चार पावलं मागे. दोघं चांगले शंभर पावलं गेले. मग पाखराने दोन्ही पंख उघडले, अगदी धडधाकट, आणि ते भुर्रकन पाण्याच्या दिशेने उडून गेलं. टॉवेल पसरून उभ्या असलेल्या माणसाकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

ताई पोट धरून हसत होती. शिवणवाली हसली नाही. तिच्या हातातला दगड हलका होता.

सुई टोचून टोचून तिच्या बोटांना घट्टे पडले होते, पण वजन त्यांना कळे. तिने दगड तळहातावर उलटा केला. खालची बाजूही कोमट होती, आणि दगड वरून तापतात, खालून नाही. रंग वाळूचा, त्यावर काळे फराटे, कुणी नवी दौत उघडून टाक चालतोय का ते बघावं तसे. एका टोकाला निमुळता.

"ताई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक निघाला की ताईचं हसू जागच्या जागी थांबलं. "हे अंडं आहे."

ताईने खुर्ची सोडली. पिशवीकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं, परत येणाऱ्या भावाकडे पाहिलं.

"तुला घरापासून लांब नेत होती ती, बावळटा," ती त्याला म्हणाली. "घर इथे होतं. तू टॉवेल घेऊन बरोबर तिच्या मनासारखा गेलास."

आधी पिशवी. शिवणवालीने आपली ओढणी अंथरली आणि तिघांनी गुडघ्यांवर बसून एकेक गोटा बाहेर काढला. हातात घ्यायचा, तोलायचा, जणू विचारायचं, बाबा रे, तू कोण? ड्रायव्हरने एक गोटा कानाशीही नेला. सगळे दगडच निघाले. शिवणवालीने श्वास सोडला, पण हातातलं तसंच होतं, आणि ऊन चढत होतं.

घरटं शोधायला घरटं कुठे होतं? काडी नाही, पीस नाही. तिने आपल्याच गुडघ्यांच्या खुणा धरून मागे जात जात पाहिलं आणि दोन वीत अंतरावर तिला ती दिसली. शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली बशीएवढी खोलगट जागा, तिच्यात वाळूत अर्धी रुतलेली दोन अंडी, आणि शेजारी तिसऱ्याचा रिकामा ठसा. मुंढ्याच्या गोलात बाही जुळवावी तसं तिने अंडं त्या ठशात टेकवलं. पण कुठली बाजू वर? ते काही तिने उचलताना पाहिलं नव्हतं. दगडाची बाजू कोण बघतं? तिने ते आडवं ठेवलं आणि बोटं मागे घेतली.

"वर छत्री धरू या का?" ड्रायव्हर कुजबुजला. "भाजतील ती."

"एवढ्याशा जिवाला आपली छत्री म्हणजे डोंगर," ताई म्हणाली. "आपणच नको आहोत इथे."

सगळ्यांच्या नजरा तंबूकडे गेल्या. घरट्यापासून जेमतेम बारा पावलांवर तो वाऱ्यात पोट फुगवून उभा होता. कुठेही सुरकुती नाही. आठ महिने.

"तो जरा तसाच राहिला तर?" ड्रायव्हर म्हणाला. बायकोच्या तोंडाकडे बघत, तिच्यासाठी म्हणाला.

"काढा," शिवणवाली म्हणाली, आणि पहिली दोरी तिनेच सोडली.

काढायला वीस मिनिटंही लागली नाहीत. कापड, बांबू, पिशव्या, खुर्ची, सगळं ओढत ते दीडशे पावलं लांब गेले आणि एका ओंडक्यामागे पोटावर पडले. ताईने दुर्बीण काढली. शाळेने निरोपाला दिलेली. तिने ती भावजयीकडे दिली.

पाखरू परत आलं. पण घरट्यावर नाही. ते दहा पावलं धावायचं, थबकायचं, मान उचलायचं, उलटं फिरायचं. एकदा अगदी जवळ येऊन गेलं. शिवणवालीच्या मानेवरून घाम ओघळत होता. माझ्या हाताचा वास लागला असेल का? त्या तिसऱ्यापायी ती बाकीच्या दोघांनाही सोडेल का? नवऱ्याने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला.

मग पाखरू सरळ पाण्याकडे पळालं.

"गेली," ड्रायव्हर म्हणाला.

गेली नव्हती. ओसरत्या लाटेच्या कडेला ती पोटावर बसली, पिसं फुलवून डावीउजवीकडे डोलली, उठली, आणि थेंब सांडत वाळूवरून तडक निघाली. वाटेत तिने कुठेही मान वर केली नाही. घरट्यापाशी आली आणि ओलं पोट हळूच अंड्यांवर धरून, पंख जरा उघडून उभी राहिली. वर तिची सावली, खाली तिने समुद्रातून आणलेला गारवा.

"पाणी आणलं गं तिने," शिवणवाली म्हणाली. "अंगावरून आणलं."

ताईने ओंडक्यावर हनुवटी टेकली. "चाळीस वर्षं मी नळ्या धुतल्या," ती म्हणाली. "असलं एक भांडं नाही पाहिलं."

आता ती बसेल, असं वाटलं. ती बसली नाही. बाजूला सरकून तिने खाली पाहिलं. दुर्बिणीत तिची चोच दिसत होती, काळी, टाचणीएवढी. तिने ती आडव्या अंड्याच्या खाली घातली, आपल्याकडे ओढली, सोडली. पुन्हा घातली. अंडं डगमगलं, फिरलं, निमुळतं टोक वाळूत रुतवून उभं राहिलं. ती बसली. लगेच उठली. एक केसभर आणखी. मग पुन्हा बसली आणि पोट डावीउजवीकडे हलवून तिन्ही अंडी पिसांत ओढून घेतली.

शिवणवालीच्या तोंडून हुंकार निघाला, हसू आणि रडू दोन्ही त्यात.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"मी ठेवलेलं पसंत पडलं नाही तिला. सगळं उसवून परत बसवलं."

"मग वाईट वाटलं?"

"वाईट कसलं वाटायचं, अहो. बसवणी बघा तिची. कुठे सुरू झाली, कुठे संपली, कळत नाही."

तिने दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावून दिली आणि स्वतःच्या हातांनी दिशा धरली. ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला. गोटे आणि शिंपले, शिंपले आणि गोटे. पाखरू त्यांच्यात असं मिसळून गेलं होतं की नेमकं कुठे आहे ते त्याला सापडेना.

"आता तंबू इथेच ठोकू या का, ओंडक्याजवळ?" शेवटी तो म्हणाला आणि उठायला लागला.

शिवणवालीने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"थांबा जरा. डोळे मिटतेय ती."