चालू लढतीचा निकाल

दोंडाईच्याला लग्नाच्या पंगतीत चुडामण पाटलानं बट्टी मोडून ठेवली होती. वरणाची बादली घेऊन वाढपी येतच होता, तेवढ्यात शेजारी बसलेला चांद म्हणाला, "चुडामण, एक बात मान ले. आजवरच्या बॉक्सरांत उसिक सगळ्यात मोठा."

चुडामणनं वाढप्याला हातानं थांबवलं.

"कोणापेक्षा मोठा?"

"सगळ्यांपेक्षा."

"अलीपेक्षा?"

"अली सगळ्यांत येतो ना?" असं म्हणून चांदनं स्वतःच्या बट्टीवर वरण घेतलं.

पुढची दहा मिनिटं पंगतीतल्या दोन्ही बाजूंच्या वऱ्हाडानं जे ऐकलं, ते त्यांना आयुष्यात उपयोगी पडण्यासारखं नव्हतं. चांद म्हणाला, उसिक खालच्या वजनात जगज्जेतेपदाचे चारही पट्टे जिंकला, मग वर जाऊन स्वतःपेक्षा वीतभर उंच माणसाला हरवून तिथलेही चारही पट्टे जिंकला, आणि एकदाही हरलेला नाही. चुडामण म्हणाला, सैन्यात जायला नकार दिला म्हणून अलीची ऐन उमेदीची साडेतीन वर्षं सरकारनं खाल्ली, तरी परत येऊन पुन्हा जगज्जेता झाला; सगळे मिळून तीनदा. चांद म्हणाला, पण पाचदा हरलाही. चुडामण म्हणाला, हरून उठतो तो मोठा. चांद म्हणाला, मग न हरणारा काय झोपलेला असतो? शेवटी तो म्हणाला, "बुढ्ढा झालास. जुनं ते सोनं करत बसलास. आता तरी डोळे उघड."

चुडामण कोरडी बट्टी पत्रावळीवर टाकून उठला. खानदेशात वरण न घेता उठण्याहून मोठा निषेध नाही. पुष्पाबाईला आपलं ताट अर्धवट सोडून नवऱ्यामागं जावं लागलं. तिची वांग्याची भाजी राहिली. हे तिनं नंतर बरेच दिवस लक्षात ठेवलं.

चुडामण आणि चांद पूर्वी दीपनगरच्या वीज केंद्रात एकाच पाळीला कोळसा खात्यात होते. चुडामण पारोळ्याचा, चांद धुळ्याचा. ब्याऐंशी साली दोघंही तेविशीत. तिथल्या भांडारात रतिलाल सर म्हणून गृहस्थ होते. नोकरी नटबोल्ट मोजण्याची, पण संध्याकाळी क्लबाच्या मागच्या पटांगणात ते पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. काथ्या भरलेलं एक पोतं निंबाला टांगलेलं आणि ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या, एवढ्यावर तेरा पोरं तयार झाली. त्यात एकाच वजनाचे दोन, हे दोघं. राज्य स्पर्धेसाठी एकच जाणार होता. निवडीच्या लढतीत चुडामण एका पॉइंटनं जिंकला, नागपूरला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. पुढं चुडामण दीपनगरलाच निवृत्त झाला आणि पारोळ्याला परतला. चांद मात्र चार वर्षांत नोकरी सोडून धुळ्याला गेला आणि मोटार वायंडिंगचं दुकान टाकून बसला. दोस्ती तुटली नाही. दर रविवारी सकाळी दहा वाजता फोन, आणि फोनवर बॉक्सिंग. त्या निवडीच्या लढतीबद्दल मात्र चांद चाळीस वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता. चुडामणला तो चांदचा मोठेपणा वाटायचा.

दोंडाईच्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. पण मुद्दे बंद झाले नाहीत. ते सगळे पुष्पाबाईच्या वाट्याला आले. ती मेथी निवडायला बसली की चुडामण समोर खुर्ची ओढायचा आणि अलीनं आठव्या फेरीत फोरमन नावाच्या बॉक्सरला कसं पाडलं ते सांगायचा. तिनं मेथीच्या चार जुड्या होईस्तोवर ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दोन्ही तुमले वळखतस का?"

"नही."

"मंग तुम्ही कसाले भांडी ऱ्हायनात?"

"तुले ते समजाव नही," असं म्हणून चुडामण उठला, आणि त्या दिवशी मेथीची भाजी जरा जास्तच तिखट झाली.

जुलैत उसिकनं आणखी एक लढत जिंकली. चांदनं फोन केला नाही, पण मोबाईलच्या स्टेटसला उसिकचा फोटो ठेवला. खाली काही लिहिलं नाही. चुडामणनं तो पाहिला. आपण पाहिल्याचं चांदला दिसलं असणार, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं, आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

शेवटी पुष्पाबाईनं चांदच्या बायकोला, हमीदाला, फोन लावला. हमीदाकडंही तीच कथा होती. तिथं मेथीऐवजी लसूण होता. दोघींनी मिळून ठरवलं की रतिलाल सर जळगावला मुलीकडं असतात, त्यांच्यापुढं दोघांना उभं करायचं. सर जे सांगतील ते शेवटचं. गणपती उठल्यानंतरचा पहिला रविवार ठरला. नवऱ्यांना तारीख कळवण्यात आली.

धुळ्याहून जळगावला जाणारी एस.टी. पारोळ्यावरूनच जाते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. चुडामण पारोळ्याच्या स्टँडवर गाडीत चढला, तेव्हा एकच जागा रिकामी होती. तिच्या शेजारी खिडकीला चांद बसला होता. चुडामण क्षणभर दारात थांबला. मागच्या बाईनं टोपलीनं ढोसलं, तसा तो जाऊन बसला.

कंडक्टर आला. "दोघं सोबत का, आबा?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"जायचं कुठं?"

"जळगाव," हेही दोघं एकदम म्हणाले. कंडक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि चुडामणचं तेवढं तिकीट फाडलं; चांदचं धुळ्यालाच निघालं होतं. एरंडोल गेलं, तरी दोघांत शब्द नाही. एका वळणावर चांदचा खांदा चुडामणच्या खांद्याला लागला. चांद "माफ करा" म्हणाला. चाळीस वर्षांच्या दोस्तीत त्यानं पहिल्यांदा चुडामणला अहोजाहो केलं होतं. चुडामणला ते शिवीपेक्षा लागलं.

रतिलाल सर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले होते. काचबिंदूनं एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्याला सावल्या दिसायच्या. कान मात्र शाबूत होते. त्यांची मुलगी रत्ना हिनं चहा दिला. सरांनी विषय ऐकून घेतला. हसले नाहीत. भांडारात नटबोल्ट कमी भरल्याची तक्रार ऐकावी तसं ऐकलं.

"तीन-तीन मिनिटं," ते म्हणाले. "मध्ये कोणी बोलायचं नाही. रत्ना, घड्याळ लाव. वेळ झाली की वाटी वाजव."

रत्नानं स्टीलची वाटी आणि चमचा आणला. चुडामण उभा राहून बोलला. घरी पाच महिने तालीम झालेली असल्यानं तो कुठं अडखळला नाही. चांद बोलला तो बसूनच, आणि वाटी वाजायच्या आधीच थांबला.

सर म्हणाले, "मी उभा जन्म डोळ्यांपुढच्या लढतीला पॉइंट दिले. ऐकीव गोष्टीला देत नाही. दाखवा."

"मोबाईलवर दाखवू का, सर?"

"मोबाईल मला दिसत नाही. सावली मोठी पाहिजे. गच्चीवर चला."

गच्चीवर रत्नानं सरांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. ऊन कलतं होतं, सावल्या लांब पडत होत्या. आधी चुडामण अली झाला. सहासष्टाव्या वर्षी पाय नाचवणं कठीण होतं, म्हणून त्यानं अलीची ती प्रसिद्ध युक्ती घेतली: दोरीला टेकून उभं राहायचं, समोरच्याला मारून मारून थकू द्यायचं आणि मग त्याला गाठायचं. गच्चीवर दोरी होतीच. चांद फोरमन होऊन पुढं आला, चुडामण मागं रेलला आणि भिंतीतला खिळा दोरीसकट निघाला. चुडामण दोन चादरी आणि एका परकरासह खाली बसला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"दोरी सुटली, सर."

"मोज, रत्ना."

रत्ना इमानदारीनं सातापर्यंत मोजेस्तोवर चुडामण उठला. सरांनी मान डोलावली.

मग चांदची पाळी. आता चुडामण उसिकचा उंच प्रतिस्पर्धी झाला. उंची पुरत नव्हती म्हणून सरांनी त्याला पाण्याच्या टाकीच्या पायरीवर उभं राहायला सांगितलं. चांद समोर आला. त्यानं चपला काढल्या, उजवा पाय पुढं टाकला, उजवा हात पुढं धरला आणि डावा हनुवटीजवळ नेला.

चुडामणला वाटलं, चांद चुकला. चांदचे हात त्याला पाठ होते. कुठला कधी येतो, आधी खांदा कसा हलतो, सगळं माहीत होतं. पण हा माणूस त्यानं कधी पाहिलेला नव्हता. चांद डावीकडं सरकला आणि तिथं नव्हताच. उजव्या हातानं त्यानं दोनदा नुसतं हवेला चाचपलं, आणि तिसऱ्यांदा डावा आला. तो चुडामणच्या छातीला लागला म्हणण्यापेक्षा टेकला. हळूच, बरोबर काळजावर. चुडामणचे हात अजून वर यायचे होते.

चांद पुन्हा सरकला. पुन्हा टेकवला. सहासष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, चष्म्याची दोरी गळ्यात असलेला माणूस गच्चीवर अनवाणी फिरत होता, आणि त्याच्या पायांचा आवाज एका लयीत येत होता.

खुर्चीतून सर म्हणाले, "हे पाय कोणाचे?"

"चांदचे, सर," रत्नाच्या आधी चुडामणच बोलला.

"चांद असा कधी उभा राहिला नाही."

चांद थांबला. "राहिलो होतो, सर. पहिल्या दिवशी. तुम्ही फिरवलं."

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"हो," सर म्हणाले. "फिरवलं. तेरा पोरांत तू एकटा डावखुरा. तुझ्यासमोर आलं की बाकीची गोंधळायची, सराव बिघडायचा. मला वाटलं, बाराजणांना शिकवण्यापेक्षा एकाला फिरवणं सोपं." मग भांडाराच्या वहीतली चूक वाचून दाखवावी तशा आवाजात म्हणाले, "माझं चुकलं, चांद."

"जाऊ द्या, सर."

"जाऊ द्यायला आता उरलंय काय? मी फक्त सांगितलं."

चुडामण अजून पायरीवरच होता. खाली उतरावं की नाही ते त्याला कळेना. एका पॉइंटनं आपण ज्याला हरवलं, तो उलट्या हातानं लढत होता. आणि नागपूरचं पदक काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या नजरेच्या बरोबर समोर ठेवलेलं होतं.

"आता निकाल," सर म्हणाले. "हा उसिक अजून खेळतो?"

"खेळतो, सर."

"मग त्याचा निकाल लागत नाही. लढत चालू असताना कोणी पंचाला निकाल विचारतं का? उद्या तो तीनदा हरेल, नाहीतर आणखी दहादा जिंकेल. शेवटची घंटा होऊ दे, मग या. तोवर अली पुढं, कारण त्याची घंटा झाली आहे. तो मोठा म्हणून नव्हे, त्याचा हिशेब पुरा आहे म्हणून."

"म्हणजे चालू काळातला बॉक्सर कधीच सगळ्यात मोठा ठरणार नाही?" चांदनं विचारलं.

"ठरेल ना. पण तोवर तो चालू काळातला राहणार नाही."

म्हणजे एका अर्थी चुडामण जिंकला होता. पाच महिने ज्यासाठी जीव टाकला, ते पदरात पडलं होतं. पण जिना उतरताना त्याला अलीचं नावही आठवलं नाही.

जळगावच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसले. चुडामणनं दोन केळी घेतली, एक चांदला दिलं. चांदनं घेतलं.

"कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? सर म्हणाले, फिर. फिरलो. नोकरी करत होतो, लेफ्ट-राइटचं काय एवढं." चांदनं केळं सोललं, चुडामणनं पाहिलं, डाव्या हातानं. "दुकानात डाव्यानंच तार गुंडाळतो. तिथं कोणी काही म्हणत नाही. एक दिवस मोबाईलवर हा उसिक दिसला. डावखुरा. त्याला कोणी फिरवलं नाही. बस, तेवढंच."

"मग पंगतीत हे सांगायचं ना! मी वरण तरी घेतलं असतं."

"पंगतीत मी बॉक्सिंगचं बोलत होतो."

चुडामणनं केळ्याचं साल बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाला, "ते पदक मी तुला आणून देतो."

"ठेव तुझ्याकडं. आमच्याकडं जागा नाही. कपाटात हमीदाचे डिनर सेट आहेत."

"चांद, मी खरं बोलतोय."

"मी पण. सहा-सहा प्लेटांचे तीन आहेत."

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा होता. त्यानं काही विचारलं नाही. पारोळा आलं तेव्हा चांद झोपला होता, आणि चुडामण त्याचं डोकं आपल्या खांद्यावरून हळूच खिडकीला टेकवून उतरला.

घरी पुष्पाबाईनं विचारलं, "काय लागना निकाल?"

"अली जिंकला."

"मंग तोंड असं का शे?"

दुसऱ्या दिवशी चुडामणनं पेटीतून उशीची जुनी खोळ काढली आणि पुष्पाबाईकडून तिच्यात कापूस भरून, घट्ट शिवून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही. गुरुवारी सकाळी ती उशी पिशवीत घालून तो धुळ्याच्या गाडीत बसला.

चांदच्या दुकानामागं छोटं अंगण होतं. चुडामणनं उशी दोन्ही हातांवर सुतळीनं बांधली आणि छातीपुढं धरून उभा राहिला. चांद दाराशी येऊन पाहत राहिला.

"ये काय लावलंय?"

"डाव्यानं मार."

"पागल झालास? पोरगा आहेस का?"

"तुझ्या डाव्याला चाळीस वर्षं कोणी समोर उभं राहिलं नाही. मी राहतो. मार."

आतून हमीदानं डोकावून पाहिलं, उशी पाहिली आणि ती आपल्या घरातली नाही याची खात्री करून परत आत गेली. चांदनं चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला. उजवा पाय पुढं टाकला. पहिला ठोसा हलका होता, संकोचाचा. चुडामणनं नुसती मान हलवली. दुसरा बरा होता. तिसऱ्याला चुडामण दोन पावलं मागं गेला, त्याचं मनगट कळवळलं आणि उशीचा एक टाका उसवला.

"लागलं का?" चांदनं विचारलं.

"लागलं," चुडामण म्हणाला आणि उशी पुन्हा छातीशी घेऊन जागेवर आला. "परत मार."